जुन्या सांध्यांचे मोल

म्हैसूर शहरातून हुणसूरच्या दिशेने निघाले की भारतीय भाषा संस्थानाचा परिसर मागे पडतो आणि थोड्याच वेळात हिनकल लागते. एकेकाळचे हे स्वतंत्र खेडे आता शहराच्या वाढत्या अंगात सामावून गेले आहे. बाहेरचा वळणरस्ता हुणसूर रस्त्याला येथेच मिळतो, चौकावर उड्डाणपूल उभा आहे, आणि पलीकडे हूटगळ्ळीची औद्योगिक वसाहत पसरली आहे. हाच रस्ता पुढे हुणसूर, पिरियापट्टण, कुशालनगर करीत मडिकेरीच्या घाटाला लागतो. कॉफीच्या मळ्यांतून उतरणाऱ्या जीपगाड्या, भाड्याच्या मोटारी, मालमोटारी आणि सुटीच्या दिवशी कोडगू पाहावयास निघालेली कुटुंबे, अशी सर्वांची ये-जा या एकाच रस्त्यावरून चालते.

मराठी वाचकाला येथे एक ओळखीची खूणही सापडते. अवजड वाहनांचे आस तयार करणारा 'ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स' हा कारखाना हुणसूर रस्त्यालगतच्या या वसाहतीत आहे. पुण्याचा कल्याणी उद्योगसमूह आणि एक अमेरिकी कंपनी यांच्या भागीदारीतून तो १९८१ साली निघाला. म्हणजे गाडीचा भार चाकांवर कसा तोलावा, ही विद्या या परिसराला परकी नाही. परंतु कारखान्यातून नवाकोरा निघणारा भाग आणि पंधरा वर्षांच्या मोटारीखालून काढलेला जुना भाग यांत मोठा फरक आहे. पहिल्याची किंमत छापील असते. दुसऱ्याची किंमत काय धरावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी तो हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांच्या खिशाशी आणि त्याहून अधिक त्यांच्या जिवाशी निगडित आहे. त्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्दाची अडचण. मोटारीची चाके आणि तिचे अंग यांच्यामध्ये जी कमानी, दांडे, रबरी गाद्या आणि धक्के शोषणाऱ्या नळ्या यांची योजना असते, तिला इंग्रजीत सस्पेन्शन म्हणतात. कोश उघडला तर 'निलंबन' असा प्रतिशब्द मिळतो. पण निलंबन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चौकशी होईपर्यंत घरी बसविलेला कारकून उभा राहतो. गॅरेजात जाऊन 'माझ्या गाडीचे निलंबन तपासा' असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हटलेच तर मिस्त्री त्याच्याकडे काळजीने पाहील. म्हणून या लेखात सस्पेन्शन हाच शब्द ठेवला आहे. पट्ट्यांच्या स्प्रिंगांना मात्र आपल्या हमरस्त्यांवरील पाट्यांनी 'कमान-पाटा' हे नाव केव्हाच बहाल केले आहे, व ते कोशातील कोणत्याही शब्दापेक्षा सरस आहे. म्हैसूरच्या राजवाड्याभोवती अजूनही फिरणाऱ्या टांग्याखाली वाकून पाहिले तर या कमान-पाट्याचे मूळ रूप पाहावयास मिळते.

या योजनेचे काम दोन भागांत वाटलेले आहे. स्प्रिंग धक्का साठविते आणि परत देते. ती एकटीच असती तर खड्डा ओलांडल्यावर गाडी पाळण्यासारखी वरखाली होत राहिली असती. म्हणून तिच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बर असतो. त्यातील तेल बारीक छिद्रांतून दाबले जाते, त्याला विरोध होतो आणि धक्क्याची शक्ती उष्णतेत विरून जाते. गॅरेजात याला कोठे 'शॉकअप' म्हणतात, तर कोठे 'जंपर'. नावे काहीही असोत, काम एकच: चाक रस्त्याला चिकटून राहिले पाहिजे. जे चाक उड्या मारते ते उडीच्या क्षणी ब्रेक लावू शकत नाही आणि वळूही शकत नाही. सस्पेन्शन हा केवळ बसणाऱ्याच्या सुखाचा विषय आहे, असा जो समज आढळतो तो यासाठीच खोटा ठरतो.

लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही कल्पना फोर्डच्या इंग्लंडमधील कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून १९५० साली बाजारात आली. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांना एकाच खांबात गुंफून तिने जागा व खर्च वाचविला. मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान गाड्यांपर्यंत हीच पद्धत चालत आली. त्यापूर्वीच्या आपल्या गाड्यांची तऱ्हा निराळी होती. प्रीमियर पद्मिनीला पुढे दुहेरी दांडे व गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे कमान-पाटा असे. ॲम्बॅसडरलाही मागे कमान-पाटाच होता. जुन्या महिंद्रा जीपला तर चारही चाकांवर पाटेच असत. हा तपशील सांगण्याचे कारण असे की, जुन्या भागाचे मोल ठरविताना पहिला प्रश्न 'हा भाग कशाचा आहे' हा नसून 'हा भाग झिजतो कसा' हा आहे.

झिजण्याच्या तीन तऱ्हा आहेत. काही भाग वापराने झिजतात. बॉल जॉइंट म्हणजे वाटीत फिरणारी गोळी. तिच्यावरील रबरी टोपी फाटली की आत धूळ व पाणी शिरते, वंगण जाते आणि गोळी सैल होते. शॉकॲब्सॉर्बरची गाळणी घासते, दांड्यावरील चकचकीत मुलाम्याला खड्डे पडतात आणि तेल बाहेर येऊ लागते. काही भाग केवळ वयाने म्हातारे होतात. रबरी बुश गाडी एका जागी उभी असली तरी हवा, उष्णता आणि काळ यांनी कडक होऊन तडकतो. तिसरी तऱ्हा थकव्याची. गुंडाळीची स्प्रिंग किंवा लोखंडी दांडा वरून वर्षानुवर्षे जसाच्या तसा दिसतो, पण गंजाच्या एखाद्या टाचणीएवढ्या खड्ड्यापासून सुरू झालेली चीर आत आत सरकत जाते आणि एके दिवशी तो भाग तुटतो. पहिल्या तऱ्हेची झीज हाताला कळते, दुसरीची डोळ्याला दिसते, तिसरीची मात्र सहजासहजी ना हाताला कळते ना डोळ्याला दिसते. म्हणूनच तिची किंमत ठरविणे सर्वांत अवघड.

येथे आपल्याकडील साध्या मिस्त्र्यांची एक जुनी परीक्षा नमूद करण्यासारखी आहे. दांडा स्वच्छ घासून त्यावर रॉकेल लावावयाचे, थोड्या वेळाने ते कोरडे पुसून घ्यावयाचे आणि वर खडूची पूड पसरावयाची. चीर असेल तर तिच्यात लपलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. रेल्वेच्या कारखान्यांत ही रीत फार पूर्वीपासून होती. आजचे रंगद्रव्याचे परीक्षण हे तिचेच सुधारलेले रूप होय. खर्च जवळजवळ शून्य, वेळ अर्धा तास. जो विक्रेता ही परीक्षा ग्राहकासमोर करून दाखवितो, त्याने चार पैसे अधिक मागितले तरी ते द्यावेत असे माझे मत आहे.

आता किमतीच्या हिशेबाकडे वळू. जुन्या भागाची किंमत 'नव्याच्या निम्मी' किंवा 'नव्याच्या तिसरा हिस्सा' धरण्याची सर्वत्र वहिवाट आहे. ही वहिवाट सोयीची असली तरी बहुतेक वेळा चुकीची ठरते. कारण ती मजुरी विसरते.

समजा, एका कुटुंबाच्या पंधरा वर्षे वापरलेल्या लहान मोटारीचा पुढचा एक स्ट्रट बदलावयाचा आहे. पुढील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. नवा स्ट्रट २००० रुपयांना मिळतो, बसविण्याची मजुरी ६०० रुपये आहे आणि तो साठ हजार किलोमीटर टिकेल. म्हणजे २६०० रुपयांत साठ हजार, दर हजार किलोमीटरला सुमारे ४३ रुपये. जुना स्ट्रट आणखी वीस हजार किलोमीटर चालेल असा जाणत्या मिस्त्र्याचा अंदाज आहे. नव्याच्याच दराने वीस हजार किलोमीटरचे मोल सुमारे ८६७ रुपये होते. पण त्यातील ६०० रुपये मजुरीतच जातात, कारण जुना भाग बसवावयाला नव्याइतकेच श्रम पडतात. उरले २६७ रुपये. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याने हिशेब केला असता तर ग्राहकाने ६६७ रुपये मोजले असते.

हाच हिशेब थोडा पुढे न्यावा. जुन्या स्ट्रटचे उरलेले आयुष्य दहाच हजार किलोमीटर असेल, तर त्याचे मोल ४३३ रुपये होते आणि मजुरी ६०० रुपये. म्हणजे तो भाग फुकट मिळाला तरी महाग पडतो! या उदाहरणात सुमारे चौदा हजार किलोमीटरपेक्षा कमी आयुष्य उरलेल्या स्ट्रटला भंगारापलीकडे किंमत नाही. गृहिणींना हे तत्त्व नवे वाटू नये. विरलेल्या कापडाचा झगा कितीही स्वस्तात पडला तरी त्याला शिवणावळ चांगल्या कापडाइतकीच पडते, हे त्या शिंप्याच्या दुकानात जाण्यापूर्वीच जाणतात.

याउलट ज्या भागाचे लोखंड गाडीच्या आयुष्याइतके टिकते आणि केवळ सांधे झिजतात, त्याचा हिशेब अगदी निराळा येतो. खालचा आडवा दांडा, ज्याला गॅरेजात 'लोअर आर्म' म्हणतात, तो घेऊ. नवा, बुश व बॉल जॉइंटसह १८०० रुपये आणि मजुरी ४०० रुपये, एकूण २२०० रुपये, असे धरू. जुना दांडा घेतला तर त्यात नवे बुश व नवा बॉल जॉइंट बसवावयाला साहित्याचे ६५० रुपये, दाबयंत्रावर ते चढविण्याचे १५० रुपये आणि गाडीवर बसविण्याचे ४०० रुपये, असे १२०० रुपये वेगळे लागतात. म्हणून नुसत्या जुन्या दांड्याची कमाल किंमत १००० रुपये. त्यापलीकडे कोणी शहाणा माणूस जाणार नाही. यातून वाकलेपणाची व न दिसणाऱ्या चिरेची जोखीम वजा करावी. मला विचाराल तर पाचशे-सहाशेच्या पलीकडे हात सैल सोडू नये. पण स्ट्रटच्या मानाने पाहिले तर हा भाग जुना घेण्यात खरोखर अर्थ आहे, हे आकड्यांवरूनच दिसते. एक अट मात्र आहे. सर्व मोटारींच्या दांड्यांत बॉल जॉइंट वेगळा काढता येत नाही. काहींत तो कायमचा जडविलेला असतो. तसे असेल तर वरचा हिशेब लागू नाही आणि तो जुना दांडा घेऊ नये हेच उत्तम.

ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा भंगाराचा काटा ठरवितो. तीन किलोचा दांडा ३० रुपये किलोच्या दराने ९० रुपयांचा. ९० आणि १००० या दोन टोकांमध्ये जी जागा आहे तिच्यात सारी घासाघीस चालते. ग्राहकाला वाटते, नव्वद रुपयांच्या लोखंडाचे हा मनुष्य सहाशे मागतो. त्याचे चुकत नाही, पण विक्रेत्याचीही बाजू आहे. त्याने एखादी गाडी मोडीसाठी अखंड विकत घेतलेली असते. ती खोलण्याची मजुरी त्याने भरलेली असते, आणि काढलेले भाग महिनोन्‌महिने मांडणीवर जागा अडवून बसलेले असतात. चार दांड्यांपैकी वर्षभरात दोन विकले गेले आणि दोन शेवटी काट्यावर गेले, तर विकल्या गेलेल्या दोघांनी उरलेल्या दोघांचे भाडे भरलेले असते. केंद्र सरकारने वाहन मोडीचे धोरण मांडले तेव्हा जुन्या गाडीचे मोडीचे मूल्य नव्या गाडीच्या शोरूममधील किमतीच्या साधारण चार ते सहा टक्के धरले होते. त्यावरून मोडीच्या धंद्याचे गणित किती बारीक आहे याची कल्पना यावी.

करांचाही या गणितावर कसा विलक्षण परिणाम होतो पाहा. मोटारींच्या अनेक सुट्या भागांवर वस्तू व सेवा कर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. ज्या स्ट्रटची किंमत करासह २००० रुपये होती तो, मूळ किंमत तीच राहिल्यास, सुमारे १८४४ रुपयांना पडावा. म्हणजे आठ टक्क्यांहून थोडी कमीच घट. पण वरच्या हिशेबात हा आकडा घातला तर वीस हजार किलोमीटर उरलेल्या जुन्या स्ट्रटचे मोल २६७ रुपयांवरून २१५ वर येते. ही घट जवळजवळ वीस टक्के होते. नव्याला सर्दी झाली तर जुन्याला पडसे होते, असे म्हणावे लागेल. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यासाठी त्याच कराच्या नियमांत एक सवलतही आहे. ३२ व्या नियमाच्या पाचव्या पोटनियमानुसार, माल आहे तसा किंवा किरकोळ डागडुजी करून विकला आणि खरेदीवरील कराची वजावट घेतली नाही, तर कर संपूर्ण विक्रीवर न लागता खरेदी व विक्री यांतील फरकावर लागतो. सातशेला घेतलेला भाग हजाराला विकला तर तीनशेवर कर. फरक उणे आला तर तो शून्य धरला जातो. या सवलतीचा लाभ घ्यावयाचा तर खरेदीची नोंद हवी, आणि नेमकी तीच या धंद्यात अनेकदा नसते.

येथे एका अर्थशास्त्रज्ञाची आठवण होणे अपरिहार्य आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. अमेरिकेत खोड असलेल्या मोटारीला 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडे तर चांगल्या मोटारीला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू बांधतात, तेव्हा या शब्दाचे भाषांतर करताना सावध राहिलेले बरे. ॲकरलॉफ यांचे म्हणणे असे होते की, मालाचा गुण विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. मग ग्राहक सर्वच मालाला सरासरीची किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला विक्रेता बाजारातून उठतो. सरासरी आणखी घसरते, ग्राहक आणखी कमी किंमत देतो, आणि शेवटी बाजारात खोडकर मालच उरतो.

सस्पेन्शनच्या जुन्या भागांच्या बाजारात हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. तेल गळणारा शॉकॲब्सॉर्बर पेट्रोलने धुऊन, वर काळा रंग मारून, 'रिकंडिशन' म्हणून मांडला जातो. त्याच्या शेजारी खरोखर खोलून, नवी गाळणी व तेल घालून दुरुस्त केलेला भागही तशाच रंगात बसलेला असतो. ग्राहकाला दोन्ही सारखे. ज्याने दुरुस्तीवर पैसे घातले तो तोट्यात जातो आणि ज्याने केवळ रंगावर घातले तो नफ्यात. माझ्या मते न रंगविलेला, मळलेला, पण दांड्यावर कोरडा असलेला शॉकॲब्सॉर्बर चकचकीत रंगविलेल्यापेक्षा अधिक विश्वासाचा. तो उभा धरून दांडा हळूहळू आत दाबावा व बाहेर ओढावा. संपूर्ण अंतरभर एकसारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच हात मोकळा सुटला तर आत तेल कमी आहे असे समजावे.

सज्जन विक्रेत्याला टिकविण्याचा एकच खरा उपाय दिसतो, तो म्हणजे हमी. 'पंधरा दिवसांत खराब निघाला तर बदलून देऊ' असे लेखी देणारा विक्रेता रंगावर पैसे घालणाऱ्यापासून आपोआप वेगळा पडतो, कारण ती हमी त्या दुसऱ्याला परवडतच नाही. हमीचे मूल्य किमतीत धरावे. हमीशिवाय मर्यादेच्या निम्मे, तर हमीसह मर्यादेच्या पाऊण, हा माझा ठोकताळा आहे.

काही भाग मात्र कोणत्याही किमतीला जुने घेऊ नयेत. बॉल जॉइंट, स्टिअरिंगच्या दांड्यांची टोके, रबरी बुश हे तसे भाग होत. नव्यांची किंमत मुळातच कमी आणि तुटले तर चाक निखळण्याचा किंवा गाडी हाताबाहेर जाण्याचा संभव. पुढून आदळलेल्या गाडीचा दांडा किंवा चाकाचा सांधा, मग तो कितीही सरळ दिसो, घेऊ नये. जोडकाम केलेला किंवा तापवून सरळ केलेला दांडा तर मुळीच घेऊ नये, कारण कारखान्यात पोलादाला दिलेले पाणी त्या भट्टीत उतरून जाते. हीच गोष्ट लोहाराकडे तापवून पुन्हा बाक दिलेल्या पाट्यांची. पाणी देण्याची विद्या अवगत असलेला कारागीर असेल तर काम टिकते, नाहीतर पाटे काही महिन्यांत पुन्हा बसतात. युरोपीय संघाने २००५ साली काढलेल्या एका निर्देशात पुन्हा वापरू नयेत अशा भागांची यादी आहे. तीत हवेच्या सुरक्षापिशव्या व सीटचे पट्टे आहेत, पण सस्पेन्शनचे भाग नाहीत. तेथील शासनानेही हा निवाडा जाणत्या माणसाच्या हातावर सोडला आहे.

आणखी एक बाब घाईत विसरली जाते. स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर जोडीने बदलावयाचे असतात. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असला तर ब्रेक लावताना गाडी एकीकडे ओढते. म्हणून एकाच गाडीवरून काढलेली डावी-उजवी जोडी ही दोन सुट्या नगांच्या बेरजेपेक्षा अधिक मोलाची असते, आणि एकुलता एक नग निम्म्याहून बराच स्वस्त मिळाला पाहिजे. गुंडाळीच्या स्प्रिंगा घेताना त्या सपाट फरशीवर शेजारीशेजारी उभ्या करून उंची पाहावी. कारखानदार भारक्षमतेप्रमाणे त्यांवर रंगाचे ठिपके लावतात, तेही जुळले पाहिजेत.

हे भाग मिळतात कोठे? मुंबईत कुर्ल्याचा सी. एस. टी. रस्ता आणि भेंडी बाजारालगतचा चोर बाजार, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, बंगळूरला शिवाजीनगर. कन्नडमध्ये मोडीच्या दुकानाला 'गुजरी अंगडी' म्हणतात. कोल्हापूरचा मनुष्य हिनकलला येऊन गुजरीचा पत्ता विचारू लागला तर त्याची मोठी फसगत व्हावयाची, कारण त्याच्या गावची गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. अर्थात जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हे दोन अर्थ फारसे वेगळे वाटणार नाहीत.

शौकिनांचा विषय निघालाच आहे तर म्हैसूरला वगळून चालणार नाही. येथील यादवगिरीत आयडियल जावा या कंपनीचा मोटारसायकलींचा कारखाना होता. फारूख इराणी व त्यांचे सहकारी यांनी चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या सहकार्याने तो उभारला. १९६१ पासून तेथून जावा आणि पुढे १९७० च्या दशकात येझ्दी या नावाने गाड्या निघू लागल्या, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. या गाड्यांना मागे दोन शॉकॲब्सॉर्बर असत. कारखाना चालू होता तोवर त्यांच्या किमतीला नव्या भागाची वरची मर्यादा होती. तो बंद झाल्यावर मूळ बनावटीच्या भागाची ती मर्यादाच नाहीशी झाली. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर जावा-येझ्दीचे मालक आपल्या गाड्या घेऊन एकत्र जमतात. अशा मंडळींना मूळ शॉकॲब्सॉर्बरची जोडी हवी असेल तर वर मांडलेला किलोमीटरचा हिशेब तेथे लंगडा पडतो. ते किलोमीटर विकत घेत नाहीत, आठवण विकत घेतात. तिची किंमत ज्याची त्याने ठरवावी. फक्त त्या आठवणीवर बसून घाट उतरावयाचा असेल तर गाळणी व तेल नवे घालून घ्यावे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचेही असेच झाले आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या या टॅक्सींपैकी शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी होती तोवर तिच्या दांड्यांना व पाट्यांना रोजच्या पोटाची मागणी होती, आणि ज्या चालकाची दिवसाची कमाई गाडी उभी राहिल्याने बुडते तो जुना भाग घेताना पाच-पन्नास रुपयांकडे पाहत नसे. ती मागणी आता संपली. उरले ते संग्राहक. एकाच लोखंडी दांड्याला काल टॅक्सीवाला किंमत ठरवीत होता, आज शौकीन ठरवितो, आणि दोघांच्या काट्यांना एकच माप नाही.

शेवटी पावतीविषयी. वाहन मोडणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये नियम केले. अशा केंद्रात गाडी आली की तिची कागदपत्रे तपासली जातात, आणि तेथून आलेल्या भागाचे कूळ सांगता येते. याच्या उलट टोक मेरठच्या सोतीगंज येथे दिसले. चोरीच्या गाड्या खोलून भाग विकल्याच्या आरोपांवरून पोलिसांनी कारवाई केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तेथील तो बाजार बंद पडला. चोरीचा माल आहे हे ठाऊक असता, किंवा तसे मानावयास सबळ कारण असता, तो अप्रामाणिकपणे घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अवाजवी स्वस्त किंमत हे संशयाला जागा देणारे पहिले कारण होय. म्हणून नव्वद रुपयांचा दांडा असो वा हजारांची जोडी, पावती मागावी, आणि तीवर भागाचे नाव, तो कोणत्या गाडीचा व कोणत्या सालचा, डावा की उजवा, दिनांक, किंमत आणि हमीचे दिवस एवढे लिहून घ्यावे. विक्रेता दुकानाचा शिक्का मारावयास कुरकुर करू लागला तर भाग परत मांडणीवर ठेवून शेजारच्या दुकानी चौकशी करावी.